मुंग्यांचा वाटा

कालोलो गेली एकतीस वर्षं गावाची मासळी वाटत होता, आणि एकतीस वर्षांत त्याला एकदाही कुणी "परत मोज" म्हटलं नव्हतं. निउतासी बेटावर ही लहान गोष्ट नव्हे. या बेटाच्या एका टोकाला माणूस शिंकला तर दुसऱ्या टोकाला त्याच्या सर्दीवर औषध सुचवलं जातं. इतक्या खेटून राहणाऱ्या अठ्ठेचाळीस घरांना एकतीस वर्षं सारखं वाटायचं आणि वर सगळ्यांशी बोलणंही शिल्लक ठेवायचं, याला काहीतरी अंगात असावं लागतं.

गावाच्या होड्या परत आल्या की मासा कुणी घरी नेत नाही. तो किनाऱ्यावरच्या वाटणीच्या जागी, प्रवाळाच्या पांढऱ्या खड्यांवर उतरवतात. कालोलो घराघरातली डोकी मनात धरून ढीग लावतो, घराचं नाव पुकारतो, आणि ते घर आपला ढीग उचलून चालू लागतं. याला इनाती म्हणतात. काल जन्मलेल्या पोरीचा वाटा असतो, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचा असतो, आयुष्यात कधी गळ हातात न धरलेल्या शाळामास्तरांचाही असतो. मास्तरांविषयी मनात काहीही असलं तरी त्यांना नुसती शेपटी देऊन चालत नाही. कालोलोने हा मोह एकतीस वर्षं आवरला होता.

आणि मग मुंग्या आल्या.

चर्चच्या नव्या पायऱ्यांसाठी जहाजाने वाळूची पोती मागवली होती, त्यांतून त्या आल्या म्हणे. वाळूच्या बेटावर बाहेरून वाळू आणायची अक्कल कुणाची, यावर ज्येष्ठांच्या मंडळाच्या तीन बैठका झाल्या आणि ती मागच्या मंडळाची, असं ठरलं. मागच्या मंडळात हीच माणसं होती, पण तेव्हा ती तरुण होती.

मुंगी दिसायला साधी. तांबूस, बारीक, काहींची डोकी अंगाला न शोभणारी मोठी. पण डंख मारला की विस्तवावर पाय पडल्यासारखं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथे पांढरा फोड यायचा. लोकांनी तान्ही मुलं चटईवरून उचलून झोळीत घातली. कुत्री भिंतीवर बसायला शिकली. हे सगळं गावाने सोसलं. पण मासा खड्यांवर ठेवून शंभर अंक मोजेपर्यंत तो तांबडा व्हायला लागला, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलं. कालोलो नाव पुकारायचा आणि त्या घरची माणसं आपला वाटा घ्यायला नाचत यायची, नाचत जायची.

गावाने उपाय केले. मासा टेबलांवर ठेवून टेबलाचे पाय रॉकेलच्या डब्यांत उभे केले. मुंग्या थांबल्या, पण आठवडाभर सगळ्या गावाने रॉकेलच्या वासाचा मासा खाल्ला. मग कुणीतरी कालोलोला गमबूट आणून दिले.

"बूट घालून मी गावाच्या अन्नापुढे उभा राहणार नाही," कालोलो म्हणाला.

"मग पाय सुजवून उभा राहा," पिओ म्हणाला. पिओ त्याचा लहानपणापासूनचा मित्र. बेटावरची सगळ्यात मोठी होडी त्याची, आणि दोन फ्रीजरही त्याचेच. मंडळापुढे त्यानेच विषय काढला. "मंडळी, आता जागेचा हट्ट पुरे. मासा उतरला की ज्या त्या होडीवाल्याने घरोघर पोचवावा. मी माझ्या बाजूची वीस घरं घेतो. उरला तर फ्रीजरमध्ये राहील. बिघडलं कुठे?"

"बिघडलं असं, की तू माझ्या दारात मासा घेऊन आलास की मला तुझ्याकडे बघून हसावं लागेल," कालोलो म्हणाला.

"मग हस की! तुझं हसणं बघून कित्येक वर्षं झाली."

सगळे हसले. कालोलो हसला नाही. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उचललेला तो वाटा. तोच दारात आणून दिला की उपकार. आज ना उद्या टोकाच्या घरातली बाई पिओच्या होडीची वाट बघत दारात उभी राहील आणि पिओचे भलेबुरे विनोद तिला आवडायला लागतील. पिओ मनाने वाईट नव्हता, आणि कालोलोला नेमकी त्याचीच भीती वाटत होती. वाईट माणसाला गावाने दोन दिवसांत सरळ केलं असतं.

मंडळाने तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर मुंग्या हटल्या नाहीत तर वाटणीची जागा बंद आणि मासा घरोघर. कालोलो उठला, गुडघ्यावरची मुंगी झटकली आणि म्हणाला, "तीन महिने पुष्कळ झाले."

औषध पुढच्याच जहाजाने आलं. शेतीखात्याने सहा पोती दाणे पाठवले होते. मक्याच्या पिवळ्या कण्या, सोयाबीनच्या तेलात भिजवलेल्या, आत विष. सोबत चार पानी पत्र होतं. पण जहाजातून गावासाठी पीठ येवो, तांदूळ येवो, नाहीतर खेळायचे चेंडू येवोत, ते इनातीत वाटलं जातं. ही काही पत्र वाचून करायची गोष्ट नाही. कालोलोने सहाही पोती खड्यांवर रिकामी केली, डोकी धरली आणि ढीग लावले. तान्ह्या मुलांचा वाटा लावला, मास्तरांचाही लावला. इतकी नेमकी वाटणी त्याने स्वतःही फार वेळा केली नव्हती. लोकांनी आभार मानले आणि आपापलं विष घरी नेलं.

घरी नेल्यावर ज्याने त्याने आपल्या वाट्याचं एरवी जे करतात तेच केलं. काहींनी जपून ठेवलं. काहींनी न्यूझीलंडला गेलेल्या मुलाचा भाग त्याच्या नावाने बाजूला काढला. एकाने डुकराला घातलं. डुक्कर दोन दिवस पडून राहिलं आणि तिसऱ्या दिवशी उठून आणखी मागू लागलं. मुंग्यांच्या वाट्याला मात्र काहीच आलं नाही.

पाच आठवड्यांनी, दुसऱ्या जहाजाने, शेतीखात्याची एसेता आली. तिशीची, न्यूझीलंडमध्ये वाढलेली, आजी इथलीच. जहाजातून उतरली तेव्हा बोट लागून तिचा रंग कण्यांसारखा पिवळा झाला होता. तरी ती सरळ वाटणीच्या जागी आली, सँडलमधले पाय झाडत उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, इथे दाणे टाकले होते?"

"टाकले? वाटले!" कालोलो ताठ बसून म्हणाला. "अठ्ठेचाळीस घरं. एका कणाचा फरक दाखव."

एसेताने सगळं ऐकून घेतलं. आधी तिला हसू आलं, मग तिने ते गिळलं.

"आजोबा, वाटणी उत्तम झाली. पण मुंग्या माणसांच्या घरांत राहत नाहीत हो. त्या जमिनीत राहतात. खाली राण्या बसलेल्या असतात, एकेका वारुळात दहा-दहा. कामकरी मुंगी दाणा उचलून नेते आणि राणीला भरवते. विष सावकाश भिनतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण ते सगळ्या राण्यांना एकाच वेळी पोचलं पाहिजे. एक कोपरा जरी सुटला, तरी तिथून पुन्हा सगळं बेट भरतं."

कालोलो बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागला. त्याची बायको सुलिया मागे चटई विणत बसली होती. ती एसेताला म्हणाली, "थांब जरा. मोजतोय तो."

"म्हणजे," कालोलो अखेर म्हणाला, "डोकी माणसांची धरायची नाहीत. जमिनीची धरायची."

"हो."

"पाच पावलं लांब, पाच पावलं रुंद, तेवढी जमीन म्हणजे एक डोकं. आणि दर डोक्याला सारखं."

"अगदी बरोबर. त्यासाठी मी यंत्र आणलंय."

यंत्र गळ्यात अडकवायचं होतं. दांडा फिरवला की दाणे चौफेर उडायचे, निदान कागदावरच्या चित्रात तरी उडत होते. बेटावरच्या दमट हवेत तेलकट कण्यांचा लगदा झाला. दांडा चार वेळा फिरला आणि पाचव्या वेळी कालोलोच्या हातात आला. कालोलोने तो अदबीने एसेताला परत दिला. मग त्याने एसेताने आणलेल्या नव्या पोत्यात हात घातला, चार बोटांच्या चिमटीत मावतील तेवढे दाणे उचलले आणि मनगट असं काही फिरवलं की ते पाच पावलांच्या चौकोनात पावसाच्या थेंबांसारखे विखुरले.

एसेताने शाळेतला तराजू मागवला. दहा चिमट्या तोलल्या. नऊ पाच-पाच ग्रॅमच्या भरल्या.

"आणि दहावी?" कालोलोने विचारलं.

"सहा."

"तेव्हा तू माझ्याशी बोलत होतीस."

दुसऱ्या दिवशी गाव कामाला लागलं. कालोलोने बेटावर काथ्याच्या दोऱ्या टाकून पट्टे पाडले, दहा धडधाकट माणसं एका रांगेत उभी केली आणि प्रत्येकाची चिमूट तराजूवर तासून घेतली. पिओची चिमूट दर वेळी आठ ग्रॅम भरायची.

"तुझा हातच मोठा," कालोलो म्हणाला.

"मन मोठं आहे रे, हाताचं काय घेऊन बसलास!"

"मन घरी ठेवून ये. पाच."

पिओ शिव्या घालत पाचवर आला. मुंग्या हटल्या तर घरोघर मासा पोचवायचा त्याचा बेत बारगळणार होता, तरी रांगेत तो पहिल्या दिवसापासून होता. गावाचं काम निघाल्यावर घरी बसायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ऊन उतरलं की रांग निघायची. जमीन कोरडी लागायची, हाताला तंबाखूचा वास चालायचा नाही, भरतीच्या रेषेजवळ खेकड्यांसाठी एक पट्टा मोकळा सोडायचा. शाळा झाली, चर्च झालं, कबरी झाल्या. डुकरांचे गोठे झाले, तिथे त्या जुन्या डुकराने ओळख दाखवली. दहाव्या दिवशी एसेताने ठिकठिकाणी पानावर डब्यातल्या ट्यूनाचा तुकडा ठेवून अर्ध्या तासाने मुंग्या मोजल्या. शाळेकडे चार. चर्चपाशी एकही नाही. वाटणीच्या जागी तिने दोनशेपर्यंत मोजलं आणि मोजणं सोडून दिलं.

त्या मुंग्यांची रांग खड्यांवरून निघत होती आणि सरळ लेपेकाच्या अंगणात जात होती.

लेपेका म्हणजे कालोलोची थोरली बहीण. बेटावर मोठे झालेले भाऊ-बहीण एका छपराखाली बसत नाहीत, समोरासमोर बोलत नाहीत, एकमेकांपुढे थट्टा करत नाहीत, आणि बहिणीच्या शब्दाला भाऊ नाही म्हणत नाही. लेपेकाचं घर वाटणीच्या जागेला लागून, आणि चाळीस वर्षांत कालोलो तिथे आत गेला नव्हता. तिच्या अंगणात दाणे टाकणारी रांग गेली नव्हती, कारण तिने नको म्हटलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि एसेताला कुणी सांगितलं नव्हतं.

कालोलोने आधी सुलियाला पाठवलं. सुलिया लगेच परत आली.

"काय म्हणाल्या ताई?"

"वन्सं म्हणाल्या, माझ्या घरात मुंग्या नाहीत. मी म्हटलं, वन्सं, तुमच्या पायावर एक चढतेय. त्या म्हणाल्या, ती तुमच्याकडून आलीय."

मग एसेता गेली. तिला चहा मिळाला, तळलेले गोड गोळे मिळाले, तिच्या आजीच्या लग्नाची सगळी हकीकत मिळाली आणि ती रिकाम्या हाताने परत आली.

मुदतीला पाच आठवडे उरले होते. दाण्यांना आपलं काम करायला तीन लागले असते. पश्चिमेला ढगही दिसायला लागले होते, आणि ओल्या जमिनीवर दाणे म्हणजे नुसता मक्याचा चिखल. "पावसाच्या आधी हे घर झालं नाही, तर आजवरचं सगळं वाया गेलं," एसेता म्हणाली.

कालोलोने ताजं पोतं खांद्यावर घेतलं आणि तो लेपेकाच्या अंगणाच्या कडेला, नीरफणसाच्या झाडाखाली जाऊन मांडी घालून बसला. मुंग्यांच्या रांगेवरच बसला. लेपेका बाहेरच्या चुलीपाशी होती. तिने पाहिलं आणि भांड्यात पळी फिरवत राहिली. गावातल्या पुष्कळ लोकांना त्याच वेळी त्या बाजूला काही ना काही काम निघालं.

"झाडा," कालोलो झाडाला म्हणाला, "तुझी पानं काय दाट आहेत! तुझ्याखाली उभं राहून मी एकतीस वर्षं मासा वाटला."

लेपेकाने भांड्यात बघितलं. "भांड्या," ती म्हणाली, "माणसं हल्ली झाडांशी बोलतात. वय झालं की होतं असं."

"झाडा, तुझ्या मुळाशी मुंग्यांचं वारूळ आहे. कुणी ते आणलं नाही. त्यात घरधन्याची लाज नाही."

"भांड्या, लाजेचं कोण बोलतंय? मी रोज दोनदा झाडते. मला जो वाटा मिळाला तो मी डब्यात ठेवलाय. झाकण घट्ट लावून. माझ्या भावाने हाताने मोजून दिलेला वाटा मी जमिनीवर फेकायचा? कोंबड्यांपुढे फेकल्यासारखा? आमच्या बापाने आम्हाला असं शिकवलं नाही."

कालोलोच्या पोटऱ्यांवर तांबडे ठिपके चढत होते. तो हलला नाही. आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ताईला मुंग्यांचं काही नव्हतं. तिने त्याचा शब्द धरून ठेवला होता, आणि तो सोडवायचा एकच मार्ग होता. बेटावर वाटणी चुकली तर वाटणाऱ्याने सगळ्यांसमोर तसं म्हणायचं असतं. मग सगळे ढीग परत येतात आणि पहिल्यापासून मोजणी होते. म्हणायला सोपं आहे. एकतीस वर्षं ते कधी म्हणावं लागलं नसेल, तर जीभ वळत नाही.

झाडामागे पिओ उभा होता. अख्खं गाव उभं होतं. मास्तरही होते.

कालोलोने घसा साफ केला. या खेपेला तो झाडाशी बोलला नाही. कुणाकडेही न बघता, मासळीचं घर पुकारतो त्या आवाजात तो ओरडला, "ती वाटणी चुकली होती! माझी चूक. सगळे वाटे परत आणा!"

कुणी हसलं नाही.

लेपेकाने पळी ठेवली. ती आत गेली आणि डबा घेऊन आली. झाकण उघडलं तेव्हा खवट तेलाचा असा भपकारा आला की दोन कुत्री भिंतीवरून उतरून निघून गेली. तिने डबा भावापासून चार पावलांवर ठेवला आणि ती पाठमोरी झाली.

"भांड्या," ती हळूच म्हणाली, "बरोबर वाटणी कशी आहे म्हणावं?"

"पाच पावलांचा चौकोन, एक डोकं," कालोलो म्हणाला. "दर डोक्याला चार बोटांची चिमूट. घराबाहेरची मी करतो. छपराखालीही जमीनच, पण तिथली वाटणी बहिणीची असते, ती माझी नव्हे."

त्याने पोतं चुलीच्या बाजूला सरकवलं. लेपेकाने घरातल्या चटया एकेक करून बाहेर काढल्या, झटकल्या, उन्हात टाकल्या. मग पदर खोचावा तशी लुंगी खोचून ती आत गेली. एसेता तराजू घेऊन दाराशी धावली.

"आजी, जरा चिमूट..."

"तोल," लेपेका आतून म्हणाली आणि हात बाहेर काढला.

पाच. दुसरी, पाच. तिसरी, पाच.

"आणि बोलताना?" एसेताने विचारलं.

"मी कामात बोलत नाही. ती आमच्या धाकट्याची खोड." आणि हे आपण भावाच्या कानावर पडेल असं बोललो, हे ध्यानात येऊन ती पुढचा अर्धा तास खरोखरच बोलली नाही. बाहेर कालोलो झाडाच्या मुळापासून खड्यांपर्यंत चौकोन मोजत गेला. त्याच्या पोटऱ्या एव्हाना उकडलेल्या खेकड्याच्या रंगाच्या झाल्या होत्या. "अरे, बूट तरी घाल," पिओ म्हणाला. कालोलोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग पिओने एक पट्टा आपल्याकडे घेतला आणि मान खाली घालून पाच-पाच ग्रॅम टाकू लागला.

त्या संध्याकाळी इतर घरांतूनही डबे आले. कुणाच्या पलंगाखालचा, कुणाच्या परदेशी मुलाच्या नावाचा. शिळ्या दाण्यांचा उपयोग नव्हता, मुंग्या त्यांना तोंड लावत नाहीत. तरी कालोलोने एकेक डबा परत घेतला आणि घराचं नाव पुकारून तसं जाहीर केलं. त्याला वेळ लागला. नावं अठ्ठेचाळीस होती. पाऊस तिसऱ्या दिवशी आला, पण तोवर दाणे जमिनीखाली पोचले होते.

मुदत संपली त्या सकाळी मंडळ वाटणीच्या जागी जमलं. एसेताने खड्यांवर बारा ठिकाणी ट्यूना ठेवला आणि सगळे अर्धा तास त्याच्याकडे टक लावून बसले. इतक्या कमी माशाकडे इतक्या लोकांनी इतका वेळ बेटावर कधी पाहिलं नव्हतं.

"तीन," एसेता म्हणाली.

"तीनशे?" मंडळातल्या एका बहिऱ्या ज्येष्ठाने विचारलं.

"तीन. सगळ्या मिळून."

मंडळात चर्चा सुरू झाली. ठरावात 'मुंग्या हटल्या' असं होतं. तीन मुंग्या म्हणजे मुंग्या धरायच्या का? एकाचं म्हणणं, धरायच्या. दुसऱ्याचं म्हणणं, त्या पाहुण्या असतील. पिओला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तीन मुंग्यांसाठी मी वीस दारं फिरू काय? माझ्या होडीत मासे पडलेत, ऊन चढतंय. आधी वाटा, मग काय ते ठराव करा."

मासे आले. पांढऱ्या खड्यांवर निळी-चंदेरी मासळी पसरली गेली आणि कालोलो अनवाणी तिच्यामध्ये उभा राहिला. त्याने ढीग लावले. शंभर अंक मोजून झाले, दोनशे झाले, मासा निळाच राहिला. त्याने पहिलं घर पुकारलं आणि ते घर चालत आलं. नाचत नाही, चालत. उचलताना त्या घरच्या बाईने कुणाकडे बघून हसायची गरज नव्हती, आणि ती हसली नाही. कालोलोला ते फार आवडलं.

मास्तरांचा वाटा नेहमीप्रमाणे नीट लावला गेला. लेपेकाच्या घरचा ढीग तिच्या सुनेने उचलला. शेवटचं घर निघून गेल्यावर कालोलोने ओले हात पुसले आणि एसेताला विचारलं, "त्या तीन कुठल्या बाजूच्या होत्या?"

"दोन नीरफणसाकडच्या. एक होडीच्या उतारापाशी. पोती उतरवतात तिथे."

"म्हणजे जहाजाची."

"बहुतेक. आता प्रत्येक जहाजाला बघावं लागेल, आजोबा. आणि तीन महिन्यांनी सगळं बेट पुन्हा. समोरच्या निर्जन बेटावरही आहेत त्या, मी पाहिल्या. तिथे तर नारळीचं रान आहे नुसतं."

कालोलोने समुद्रापलीकडच्या त्या हिरव्या रेघेकडे पाहिलं. तिथे कुणी राहत नव्हतं, त्यामुळे आजवर तिथला वाटा कुणी लावला नव्हता.

"डोकी किती असतील?" त्याने विचारलं.

"चार हजार चौकोन तरी."

"पिओ!" त्याने हाक मारली. "होडी पुन्हा पाण्यात घाल. आणि हात धुऊन ये, तंबाखूचा वास येतोय."